रिपोर्ट नॉर्मल, तरी बरं का वाटत नाही?

कोपरखैरण्यातल्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या पेशंटच्या फायली जाड होत चालल्या आहेत. ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. तक्रारी मात्र जागच्या हलत नाहीत. मान आखडलेली, पहाटे तीनला जाग, पोटात कायम गॅस, नुसतं बसलेलं असतानाही धडधड, क्षुल्लक गोष्टीवरून मुलांवर ओरडणं. "डॉक्टर, सगळं नॉर्मल आहे म्हणता, मग मला होतंय तरी काय?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे. घरचे, मित्र, कधी कधी डॉक्टरही "टेन्शन घेऊ नका" म्हणून मोकळे होतात. पण टेन्शन कुणी हौसेने घेत नाही. ते महिनोन्महिने राहिलं की शरीरात काय घडतं हे समजलं, तर त्याचं करायचं काय हे तरी ठरवता येतं.

आधी थोड्या वेळाच्या ताणाचं बघू. ठाणे स्टेशन, संध्याकाळचे सात. बदलापूर लोकल येते, लोंढा तुम्हाला दारापर्यंत नेतो, एक पाय आत पडतो, दांडा हाताला लागत नाही आणि गाडी हलते. "मी पडतोय" असं मनात यायच्या आधीच मेंदूत खोलवर असलेल्या अमिग्डाला नावाच्या छोट्या भागाने धोक्याची वर्दी दिलेली असते. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत ती मज्जातंतूंमधून पोचते आणि रक्तात ॲड्रिनलिन येतं. हे सगळं काही सेकंदांत. हृदय जोरात धावतं, श्वासनलिका रुंदावतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. रक्त गोठायलाही जास्त तयार होतं, म्हणजे जखम झालीच तर कमी वाहावं. मागून कुणीतरी सॅक धरून तुम्हाला आत ओढतं. कळवा मागे पडलं तरी मांड्या थरथरत असतात, त्या यामुळे.

याच्या मागोमाग दुसरी, जरा संथ साखळी सुरू झालेली असते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी ॲड्रिनलला, आणि ॲड्रिनल कॉर्टिसॉल सोडते. साधारण वीस ते तीस मिनिटांत, म्हणजे डोंबिवलीच्या आसपास, ते सर्वात वर जातं. संकट लांबलं तर इंधन पुरवायचं, ही त्याची जबाबदारी. पण त्याचं आणखी एक काम आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. कॉर्टिसॉल परत मेंदूपर्यंत जाऊन "आता पुरे" असं सांगतं. गच्चीवरच्या टाकीत पाणी वर आलं की बॉल उचलला जातो आणि पाणी आपोआप बंद होतं, तसंच हे. बदलापूरला उतरेपर्यंत बीपी, साखर, कॉर्टिसॉल बहुतेक सगळं जागेवर आलेलं असतं. इतका ताण निरोगी माणसाला बाधत नाही. तो नसता तर आपण त्या दारातून खाली गेलो असतो.

यातला पहिला भाग, 'लढा किंवा पळा', हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडला होता. १९३६ साली मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेलिए यांनी उंदरांवर पुढची गोष्ट दाखवली. थंडी असो, जखम असो की अतिश्रम, त्रास लांबला की ॲड्रिनल ग्रंथी मोठ्या होतात, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसते आणि पोटात व्रण पडतात. त्रासाचा प्रकार वेगवेगळा, शरीराचा प्रतिसाद मात्र एकच.

आपली गाठ पडते ती बहुतेक या लांबलेल्या प्रकाराशी. घराचा हप्ता. मुलाचं बारावीचं वर्ष. पुनर्विकासाला गेलेली इमारत आणि बिल्डरने थांबवलेलं भाडं. रात्री अकरालाही वाजत राहणारा ऑफिसचा ग्रुप. अंथरुणाला खिळलेलं घरातलं माणूस. यात सॅक धरून आत ओढणारं कुणी नसतं आणि प्रसंग संपतही नाही. शरीराकडे अशा काळजीसाठी वेगळी यंत्रणा नाही. गाडीतून पडताना जी धावून येते तीच हप्त्यासाठीही कामाला लागते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले ब्रूस मॅक्युअन यांनी इलियट स्टेलर यांच्यासोबत १९९३ साली या झिजेला 'ॲलोस्टॅटिक लोड' असं नाव दिलं. शरीर दर वेळी जुळवून घेतं, पण त्या जुळवून घेण्याची किंमत साठत जाते.

ती कुठे साठते? पहिली जागा रक्तवाहिन्या. बीपी दिवसातून अनेकदा चढत राहिलं की धमन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते आणि तिथे चरबीचे थर धरायला लागतात. 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासात ५२ देशांतल्या सुमारे २५ हजार लोकांची माहिती गोळा झाली होती, त्यात भारतही होता. २००४ साली त्याचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचा पहिला झटका आलेल्यांमध्ये, कामाचा किंवा घरचा ताण सतत होता असं सांगणाऱ्यांचं प्रमाण निरोगी लोकांपेक्षा स्पष्टपणे जास्त होतं. मेंदूतली काळजी धमनीपर्यंत पोचते कशी, याचा एक धागा २०१७ साली बोस्टनच्या संशोधकांना सापडला. २९३ लोकांच्या स्कॅनमध्ये त्यांना दिसलं की ज्यांचा अमिग्डाला जास्त सक्रिय होता त्यांच्या अस्थिमज्जेतही (हाडांच्या आत, जिथे रक्तपेशी तयार होतात) जास्त हालचाल होती, धमन्यांमध्ये दाह, म्हणजे आतली सूज, जास्त होता आणि पुढच्या काही वर्षांत हृदयाचे व पक्षाघाताचे त्रासही त्यांनाच जास्त झाले. "मनाला लावून घेतलं" असं आपण म्हणतो, तेव्हा हाडाच्या आतपर्यंत काहीतरी चाललेलं असतं.

दुसरी जागा साखर. कॉर्टिसॉल यकृताकडून साखर सोडवून घेत राहतं आणि इन्सुलिनला दाद मिळेनाशी होते. त्या साखरेवर पळणार कोण? आपण तर ठाणे-बेलापूर रोडवर सिग्नलला बसमध्ये बसलेले असतो. जादा चरबी मग पोटाभोवती, आतल्या अवयवांजवळ साठते. वजन तेवढंच असलं तरी भारतीयांमध्ये ही आतली चरबी युरोपीय लोकांपेक्षा जास्त असते, म्हणून आपल्याकडे कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर धरतात. वजनकाट्याआधी टेप घ्या, असं मी सांगतो.

तिसरी जागा प्रतिकारशक्ती, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. घणसोलीच्या एक पन्नाशीच्या बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) सासूबाईंची औषधं लिहून न्यायला यायच्या. सासूबाईंना स्मृतिभ्रंश. प्लास्टिकच्या पिशवीत सासूबाईंचे सगळे कागद तारखेनुसार लावलेले. बाईंचा स्वतःचा एकही कागद नाही. एकदा त्यांच्या अंगठ्यावर विळीची जखम दिसली. तीन आठवडे झाले होते, तरी भरली नव्हती. मी शुगर तपासायची म्हटलं, तर म्हणाल्या, "डॉक्टर, पटकन करा. त्यांना बाहेरून कडी लावून आलेय." तेवढ्या वेळात फोन दोनदा वाजला. शुगर काठावर होती आणि बीपी १५८/९६. ते त्यांनी कित्येक वर्षांत मोजलंच नव्हतं.

भरून न येणारी जखम दिसली की आधी शुगर बघायची, यात वाद नाही. पण काळजीवाहू माणसांच्या जखमेबद्दल एक छोटा, नेमका अभ्यास आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या १३ बायका आणि त्याच वयाच्या, तेवढ्याच उत्पन्नाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका घेतल्या. सगळ्यांच्या हातावर ३.५ मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली. १९९५ साली निष्कर्ष छापून आले. सांभाळणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. इतकी साधी गोष्ट, तरी वाचून गलबलायला होतं. घरातल्या आजारी माणसाची फाइल असते. त्याला सांभाळणारीची फाइल कुठेच नसते, आणि तिची कातडीसुद्धा उशिरा जुळते.

असंच सर्दीचं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले. ज्यांच्यावर आधीपासून ताण जास्त, त्यांना सर्दी होण्याचं प्रमाणही जास्त निघालं. म्हणजे कॉर्टिसॉलमुळे प्रतिकारशक्ती नुसती दबते का? तेवढंच नाही. बराच काळ कॉर्टिसॉलचा मारा झाला की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. मग दाह आटोक्यात ठेवायचं त्याचं कामही होत नाही. एकीकडे जंतूंशी लढाई कमकुवत आणि दुसरीकडे अंगात बारीक दाह धुमसत राहिलेला, असं दुहेरी नुकसान होतं.

पोटाचं थोडक्यात सांगतो. ताणामुळे आतड्यांची हालचाल बिघडते, जळजळ वाढते, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, हे खरं. पण अल्सरचा सगळा दोष टेन्शनला देऊ नका. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी अल्सरमागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू शोधला आणि त्यासाठी २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यावर अँटिबायोटिकने इलाज होतो. डोकेदुखी, पाठदुखी, पाळी पुढेमागे होणं, शरीरसंबंधांची इच्छा कमी होणं, ही यादीही लांबते. ज्याचा जो अवयव आधीच नाजूक, तिथे ते उमटतं.

आता झोप. नवी मुंबईत राहून झोपेबद्दल न बोलणं शक्य नाही. वाशीच्या एपीएमसीत मध्यरात्रीनंतर भाजीचे ट्रक लागतात, आणि त्या वेळी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतला माणूस पाठीवर पोतं घ्यायला घरातून निघतो. त्याच सुमारास महापेच्या एखाद्या ऑफिसात पंचविशीतली मुलगी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा कॉल घेत असते. दोघांचं शिक्षण आणि पगार यांत जमीन-अस्मानाचं अंतर, पण शरीराचं घड्याळ दोघांचंही मोडलेलं. कॉर्टिसॉल एरवी सकाळी जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात सर्वात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वात कमी. सतत ताणाखाली असलेल्या माणसात हा चढउतार सपाट होत जातो. सकाळी अंगात जोर नसतो आणि रात्री मेंदू जागा राहतो. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी बीपी, भूक आणि चिडचिड वाढते, त्याने ताण वाढतो, त्याने पुन्हा झोप जाते. पेशंटला एकच गोष्ट सुधारता येणार असेल तर मी झोपेपासून सुरुवात करतो.

यावरून आठवलं. हल्ली लोक कॉर्टिसॉलची टेस्ट स्वतःहून करून येतात, जाहिरातीत 'ॲड्रिनल फटीग'ची, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी थकल्याची, पॅकेजं दिसतात. ते पैसे वाचवा. कॉर्टिसॉल तासातासाला बदलतं, एका आकड्यावरून रोजच्या ताणाचं काहीच कळत नाही. ती टेस्ट कुशिंग किंवा ॲडिसनसारख्या विशिष्ट आजारांसाठी आहे. 'ॲड्रिनल फटीग' हे निदान हार्मोनतज्ज्ञांच्या संघटना मानत नाहीत. त्यापेक्षा बीपी, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघा.

मेंदूवरचा परिणाम लोकांना सर्वात जास्त घाबरवतो. "मला विसरायला होतंय, अल्झायमर तर नाही ना?" असं चाळिशीतले लोक विचारतात. कॉर्टिसॉल मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात जाऊन चिकटतं, हे मॅक्युअन यांनी १९६८ सालीच उंदरांमध्ये दाखवलं होतं. हा आठवणी बांधणारा भाग. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चॅटर्जी यांच्या प्रयोगशाळेने २००२ साली त्यापुढचं दाखवलं. लांबलेल्या ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात आणि अमिग्डालातल्या मात्र फोफावतात. आठवण ठेवणारा भाग खंगतो, धोका हुंगणारा बळावतो. कपाळामागचा, विचार करून स्वतःला आवरणारा भागही थकतो. म्हणून किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, आणि ती सापडत नाही म्हणून डोळ्यांत पाणी येतं.

यात दिलासाही आहे. २००९ साली परीक्षेच्या तयारीत महिनाभर पिळून निघालेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची तपासणी झाली. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर नेण्याची त्यांची क्षमता मंदावली होती, आणि ताण संपल्यावर महिन्याभराने ती पूर्ववत झाली. अमिग्डालाचं मात्र इतकं सोपं नाही. बेंगळुरूच्या उंदरांमध्ये ताण थांबल्यावर तीन आठवड्यांनीही तिथली वाढ टिकून होती. म्हणून कर्ज फिटल्यावरही काही काळ फोन वाजला की दचकायला होतं. याला वेळ द्यावा लागतो.

ताण म्हणजे नैराश्य नव्हे, पण लांबला तर तो नैराश्य आणि चिंतेच्या आजाराकडे नेऊ शकतो. फरक असा ओळखा. ताणात असलेल्या माणसाला सुट्टी मिळाली, चार मित्र भेटले की जरा हलकं वाटतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत असेल, तर तो इलाजाचा विषय आहे. आपल्याकडे "याला ठाण्याला पाठवा" हा चेष्टेचा शब्द पिढ्यान्पिढ्या चालला आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे, आणि या एका चेष्टेमुळे किती माणसं मदत मागायला कचरली असतील याचा विचार केला की वाईट वाटतं. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्थाही आहे. तिथे समुपदेशन मिळतं. सरकारची टेलीमानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. जगणं नको असे विचार येत असतील तर उद्याची वाट न बघता आत्ता फोन करा, आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

मग सतत ताण असणारे सगळेच आजारी का पडत नाहीत? याचं एक उत्तर लंडनच्या सरकारी कचेऱ्यांमधून आलं. १९६७ साली सुरू झालेल्या 'व्हाइटहॉल' अभ्यासात मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटेल त्याच्या उलट दिसलं. मोठे निर्णय घेणाऱ्या वरच्या साहेबांपेक्षा सर्वात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे तिप्पट होते. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही फरक पुरता मिटला नाही. १९८५ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात आणखी एक गोष्ट पुढे आली. आपल्या कामावर आपलं काहीच चालत नाही, अशा माणसांना हृदयविकाराचा धोका जास्त. भार किती आहे याइतकंच, त्यातलं काही आपल्या हातात आहे का, हे महत्त्वाचं.

म्हणून इलाज शोधताना मी पेशंटला विचारतो, यातलं काय तुमच्या हातात आणता येईल? महापेच्या मुलीची शिफ्ट बदलणं शक्य नव्हतं. पण शिफ्टचं वेळापत्रक रविवारी रात्री कळायचं, ते दोन आठवडे आधी मिळावं एवढं तिने मॅनेजरकडून मान्य करून घेतलं, खोलीला जाड काळे पडदे लावले आणि शिफ्टच्या उत्तरार्धातली कॉफी सोडली. झोप साडेचार तासांवरून सहावर आली. घणसोलीच्या बाईंच्या नणंदेला मी त्यांच्याच फोनवरून सांगितलं की आता दोन पेशंट आहेत. ती महिन्यातले पंधरा दिवस साताऱ्याहून येते. नवरा एक दिवसाआड रात्री आईच्या खोलीत झोपतो. बाईंना बीपीची गोळी चालूच आहे, पण आता त्या संध्याकाळी निसर्ग उद्यानात अर्धा तास चालतात, त्यांचा स्वतःचा.

चालणं, पोहणं, नाचणं, आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं, याला तोड नाही. ती ताणाची साखर, जिथे वापरायला निघाली होती तिथेच खर्च होते. श्वासही उपयोगी आहे. आत चार मोजा, बाहेर सहा, पाच मिनिटं. लांब सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती उतरते. त्याने हप्ता फिटत नाही, पण डोकं शांत झाल्यावर बँकेशी बोलणं जमतं. रात्रीचा पेग मात्र फसवतो, झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. तंबाखूने बरं वाटतं, पण बीपी आणि नाडी वाढते. ज्याला ही सवय आहे त्याला मी दरडावत नाही, कारण ती बहुतेक वेळा ताणावरचं घरगुती औषध म्हणूनच लागलेली असते. पण सोडायला मदत मिळते, ती मागा.

एक सूचना कळकळीची. छातीवर दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ, दम लागणं, असं काही झालं की ते टेन्शन आहे असं घरच्या घरी ठरवू नका. १०८ ला फोन करा. बायकांमध्ये नुसती मळमळ आणि थकवा एवढंच दिसू शकतं, त्यामुळे त्या उशिरा पोचतात.

डॉक्टरकडे जाण्याआधी आठवडाभर बीपी घरी मोजून ठेवा. सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसल्यावर, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला, मिनिटाच्या अंतराने दोनदा. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर दखल घ्यायला हवी. त्याच कागदावर शेजारी झोपलेले तास लिहा. घरात कुणाला सांभाळत असाल तर तेही लिहा, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी.